आधी टायर, मग रबर

हेस्टर टॅलंटायर हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकायची. ऑल्स्टन गावाच्या वरच्या अंगाला काउन्सिलचा डेपो आहे. तिथून पिवळा ट्रक काढायचा, हार्टसाइडचा घाट चढायचा, माथ्यावरून पलीकडे मेल्मर्बीपर्यंत मीठ सांडत उतरायचं आणि तसंच परत यायचं. एकवीस हिवाळे तिने हेच केलं होतं. घाटातलं प्रत्येक वळण तिच्या दंडांना पाठ होतं. पण मिठाचा ट्रक ताशी तीस मैलांच्या वर पळत नाही, आणि समोर बर्फ उडत असताना वळणाची मजा घ्यायचं कुणाला सुचतं? म्हणून आई गेल्यावर, एकोणपन्नासाव्या वर्षी, तिने स्वतःसाठी एक गाडी घेतली. दोन सीटांची, कापडी टपाची, गडद हिरवी, आणि घेतली तेव्हाच वीस वर्षं जुनी.

डेपोतला मेकॅनिक ब्रफ गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "दोन सीटा कशाला गं? दुसरीत काय बसवणार आहेस?"

"बटाट्याची पिशवी. तुझ्यापेक्षा कमी बडबड करते."

आणि खरंच, पुढची पाच वर्षं त्या डाव्या सीटवर पिशव्या, कोट आणि चहाचा थर्मास एवढंच बसलं. हेस्टरला त्याचं काही वाटायचं नाही. निदान तशी तिची समजूत होती.

पाचव्या वर्षीच्या ऑक्टोबरात घाट उतरताना एका वळणावर गाडी बिथरली. तिथे रस्त्याला जुनं ठिगळ होतं, त्यावर मागचं चाक आपटलं आणि गाडीचा मागचा भाग चांगला वीतभर बाहेर फेकला गेला. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून निभावलं. हेस्टर सहजी घाबरणाऱ्यातली नव्हती, पण तिने गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ मेंढ्यांकडे बघत बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ब्रफने गाडीखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.

"सांग तरी," हेस्टर म्हणाली.

"काय सांगू? रबरं फुटलीत. शॉकमधून तेल गळतंय. टायरांवर नक्षी आहे, पण हात लावून बघ, दगड झालेत. सगळं एकदमच म्हातारं झालंय. किती आहेत तुझ्याकडे?"

"आठशे पौंड."

ब्रफने शीळ घातली. ती कौतुकाची नव्हती.

हेस्टरच्या मनात मात्र ठरलेलं होतं. चकचकीत निळ्या स्प्रिंगांचा एक संच तिने कितीतरी दिवस बघून ठेवला होता. त्याच्यासोबत शॉकही यायचे, डोक्यावरची चकती फिरवली की हवे तसे कडक नाहीतर मऊ होणारे. किंमत आठशेला थोडी कमी. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं इंटरनेटवर एक मंडळ होतं, तिथे ती 'मीठवाली' या नावाने वाचत असे, लिहीत मात्र नसे. त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा लिहिलं: मी डोंगरात चालवते, हा संच घेऊ का? की आधी दुसरं काही करू?

तासाभरात अकरा जणांनी अकरा सल्ले दिले. बारावा सल्ला आला तो 'गंजका खिळा' नावाच्या माणसाचा. त्या मंडळात त्याचा शब्द शेवटचा मानत.

"मीठवाली आणि गंजका खिळा यांनी खरं म्हणजे एकमेकांपासून लांबच राहायला हवं," त्याने लिहिलं होतं. "पण विचारलंस म्हणून सांगतो. तो निळा संच विसर. आधी टायर. रस्त्याला फक्त तेच शिवतात, बाकीचं सगळं त्यांच्या पाठीमागे उभं असतं. मग चाकांच्या सांध्यातले रबरी बुश, सगळे, एकही न ठेवता. रबर गेलेल्या गाडीला महागडे शॉक लावणं म्हणजे मोडक्या खाटेवर नवी गादी टाकणं. त्यानंतर शॉक, पण साधे. चकतीवाले घेतलेस तर एकदा हौसेने फिरवशील आणि मग पाच वर्षं हात लावणार नाहीस. शेवटी अलाइनमेंट, चाकं एका रेषेत लावणं. तिथे कंजूषपणा केलास तर आधीचं सगळं पाण्यात. मूळच्या स्प्रिंगा राहू देत. आणि गाडी जमिनीला टेकवायच्या फंदात पडू नकोस, तुमच्याकडे रस्त्यात मेंढ्या असतात. आता सांग, चालवतेस कुठे, आणि गाडीत कितीजण असतात?"

तिने उत्तर दिलं, "हार्टसाइडला. एकच."

"माझ्याही गाडीत एकच," त्याने लिहिलं.

तिथून ते सुरू झालं. हेस्टरला पहाटे तीनला उठावं लागे, म्हणून ती संध्याकाळी सहालाच जेवायची. समोर सूप, शेजारी लॅपटॉप. आधी तो फक्त कामाचं लिहायचा. कुठले बुश घे, अति कडक घेऊ नकोस, दात हलतील. मग हळूहळू इतर गोष्टी यायला लागल्या. तो स्कॉटलंडच्या सीमेवर, हॉइकला राहायचा. गिरणीत लोकर विणणारी यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. गावापासून दक्षिणेला मॉसपॉलचा घाट आहे, त्याच्याबद्दल तो असा लिहायचा की हेस्टरचं सूप गार व्हायचं. "काल मॉसपॉलवरून गेलो. वरून दुसऱ्या वळणावर रस्ता आतल्या बाजूला कलतो, तिथे स्टिअरिंग धरून ठेवावं लागत नाही. गाडी आपणहून बसते, कोंबडी अंड्यांवर बसावी तशी."

तीही त्याला सांगायची. पहाटे माथ्यावर ट्रकच्या उजेडात ससे कसे थबकतात, आईच्या शेवटच्या दोन वर्षांत घरात कसा फक्त घड्याळाचाच आवाज असायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलंही कुणी नव्हतं.

नोव्हेंबरात टायर आले, जानेवारीत बुशांचा डबा. शॉकपुरते पैसे उरतील की नाही अशी पंचाईत झाली. तेव्हा त्याने लिहिलं, "माझ्याकडे एक संच पडून आहे. जेमतेम चार हजार मैल चाललेला. तुझ्या गाडीला बसेल. पोस्टाने पाठवतो."

"पोस्टाचा खर्च कशाला? मी येऊन घेते."

दोन दिवस त्याचं उत्तर नाही. मग आलं: "दोन तासांचा रस्ता आहे. जड सामान आहे. पोस्टच बरं."

"ट्रक चालवणाऱ्या बाईला जड सामानाची भीती घालताय?"

आणखी एक दिवस गेला, मग नुसता पत्ता आला. खाली नाव होतं, स्ट्रुअन लेडलॉ.

फेब्रुवारीतला एक शनिवार कोरडा निघाला. दुसऱ्या ड्रायव्हरला पाळी देऊन हेस्टर सकाळीच बाहेर पडली. लँगमनंतर रस्ता चढायला लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं, हेच मॉसपॉल. ती वळणं तिने कधी पाहिली नव्हती आणि तरी ओळखत होती. फक्त गाडीची हाडं जुनी होती. प्रत्येक खाचेला ती कण्हत होती.

हॉइकला बंद पडलेल्या गिरणीसमोर एक तीन मजली दगडी इमारत होती. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं ते उंच, किंचित वाकलेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने. स्वेटरची बटणं चुकीच्या घरात लागली होती. तो तिच्याकडे नाही, तिच्या कानाकडे बघत होता.

"मीठवाली?"

"गंजका खिळा?"

"आत ये. सतरंजीला अडखळशील, पाय उचलून टाक."

त्याने चहा केला. कपात ओतताना त्याने कपाच्या काठाच्या आत बोट धरलं, आणि चहा बोटाला लागला तेव्हा ओतायचा थांबला. हेस्टरने ते पाहिलं, पण नजर खिडकीकडे वळवली. खालच्या आवारात एक डिलिव्हरीची व्हॅन तेवढी उभी होती.

"तुमची गाडी कुठे लावलीत?" तिने विचारलं.

त्याने किटली नेमकी जागेवर ठेवली. "गाडी नाही."

"गॅरेजला दिलीय?"

"विकली. नऊ वर्षं झाली."

हेस्टर त्याच्याकडे बघतच राहिली. "पण परवा तर लिहिलंत, मॉसपॉलवरून गेलो म्हणून."

"गेलो होतोच. या खुर्चीतून."

"चार महिने मी रोज ते वाचतेय!" तिचा आवाज चढला आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "माझ्याही गाडीत एकच, म्हणालात. मला खोटं सांगितलंत."

"सस्पेन्शनबद्दल एक शब्द खोटा सांगितला नाही."

"मी त्याबद्दल बोलत नाहीय."

"माहितेय," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध डाग आला होता आणि वाढत गेला होता. कडेचं दिसायचं. तोंडाकडे थेट बघितलं तर तोंड नाहीसं व्हायचं, कानाकडे बघितलं तर थोडंफार उमटायचं. संगणकावर तो अक्षरं तळहाताएवढी करून वाचत असे, एका वेळी दोन-तीन शब्द.

"लोक विचारतात, मी सांगतो," तो म्हणाला. "गाडी नाही म्हटल्यावर कोण विचारेल मला? म्हातारा, दिसत नाही, आणि टायर कुठले घ्यायचे ते शिकवतोय. आधी एकदा लिहिलं, काल गेलो होतो. कुणी काही बोललं नाही. मग रोजच जायला लागलो."

हेस्टरचा राग उतरला नाही, पण तो कुणावर काढावा ते तिला कळेना. त्याने तिला आतल्या खोलीत नेलं. भिंतभर फळ्या होत्या आणि प्रत्येक डब्यावर जाड पेनाने मोठाल्या अक्षरांत लिहिलेलं. पलंगाखालून त्याने शॉकचं खोकं ओढून काढलं. चारही शॉक तेलकट कागदात, अंगडं घालून निजवल्यासारखे. पैशांची गोष्ट काढताच त्याने हात झटकला. निदान चाळीस पौंड तरी, म्हणून तिने नोटा टेबलावर ठेवल्या. त्याने मग वाद घातला नाही.

ती खोकं घेऊन दाराशी पोचली. तिथे थांबली. "बसणार का?" तिने विचारलं.

"कशात?"

"कशात काय? खाली गाडी उभी आहे. मॉसपॉलपर्यंत जाऊन येऊ."

त्याने कोट चढवायला फार वेळ लावला. हेस्टरने डाव्या सीटवरच्या पिशव्या उचलून मागे कोंबल्या. तो दाराच्या कडा चाचपत आत बसला, बसताना गुडघे कसे वळवायचे ते त्याच्या अंगाला आठवत होतं.

"टप उघड," तो म्हणाला.

"फेब्रुवारी आहे."

"कुठला महिना आहे ते दिसतं मला."

गावाबाहेर पडेपर्यंत तो ताठ बसला होता. एक हात दाराच्या पट्टीवर, दुसरा मांडीवर पालथा. मग चढ लागला. एका उंचवट्यावरून गाडी गेली आणि तो मान तिरपी करून म्हणाला, "डावं मागचं. आतल्या बाजूचं रबर. चीर गेलीय, आरपार."

"ब्रफला तर एवढं नेमकं सापडलं नाही."

"ब्रफ खालून बघतो. मी त्याच्यावर बसलोय." आणि लगेच, "आता डावीकडे, पुढे मोकळं होतं, दाब. दाब गं पोरी, मीठ टाकायला निघालीयस का?"

तिने दाबलं. चोपन्न वर्षांच्या बाईला कुणी पोरी म्हणून किती वर्षं झाली होती! शेजारच्या सीटवर माणसाचं वजन असलं की गाडी वेगळी वळते हे तिला पाच वर्षांत कळलं नव्हतं. डाव्या वळणावर ती जास्त शांत बसत होती. तो पुढचा रस्ता आधीच सांगत होता. इथे पूल आहे, इथे ओलं असतं, इथे ब्रेक सोड, उशिरा सोडतेस तू. एकदाही चुकला नाही. माथ्यावर गाडी वळवून घेतली आणि उतारावर ते दुसरं वळण आलं. त्याने मांडीवरचा हात उचलला, स्टिअरिंग धरल्यासारखा, आणि वळण संपेपर्यंत तसाच हवेत धरून ठेवला.

घरासमोर गाडी थांबल्यावर तो तसाच बसून राहिला. वाऱ्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं, किंवा वाऱ्याने नसेल.

"छान चालवतेस," तो शेवटी म्हणाला. "ट्रकवाल्यांसारखी, पण छान." आणि भिंतीला हात लावत आत गेला.

मार्चच्या पहिल्या रविवारी ब्रफने डेपोतला, गाडीखाली उभं राहून काम करायचा खड्डा तिला मोकळा करून दिला. गंजलेले बोल्ट तेल पाजून, तापवून, शिव्या देऊन सुटले. डाव्या मागच्या चाकाचा आतला बुश हातात आला तेव्हा तो दोन तुकड्यांत होता.

ब्रफने तुकडे उजेडात धरले. "कुणी सांगितलं म्हणालीस?"

"एका माणसाने. बसून."

"त्याला डेपोत नोकरी दे म्हणावं."

तिने बुशाचा फोटो काढून मंडळावर टाकला आणि खाली लिहिलं: खिळ्याचं बरोबर होतं. इतर पुष्कळांनी वाहवा केली. तो काही बोलला नाही. तिने त्याला एकट्यालाही मंडळावरून निरोप लिहिला. सहा वाजता सूप घेऊन बसली, सातपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही. मग तिने मागे जाऊन पाहिलं तेव्हा लक्षात आलं, त्या शनिवारनंतर त्याने कुणालाच उत्तर दिलं नव्हतं. लोक विचारत होते, खिळा कुठे गेलाय? तीनशे पौंडांत शॉक घेऊ की बुश? कुणीतरी काहीतरी सांगून वेळ मारून नेत होतं.

एप्रिलात तिने पेनरिथला जाऊन अलाइनमेंट करून घेतली. स्ट्रुअनने सांगितलं होतं तसलंच दुकान, जिथे चाकं रेषेत लावताना सीटवर माणसाइतकं वजन ठेवतात. दुकानदाराने वाळूच्या पिशव्या उचलत विचारलं, "गाडीत एरवी एकच असतं की दोघं?"

"दोघं," हेस्टर म्हणाली. तोंडातून गेलं ते गेलं. त्याने डाव्या सीटवरही पिशव्या ठेवल्या.

त्याच आठवड्यातल्या रविवारी ती हॉइकला गेली. गाडी आता निराळीच झाली होती. खाचांवरून जाताना नुसता हलका ठोका ऐकू यायचा आणि संपायचा. वळणावर ती झुकायची, थांबायची, आणि मग धरलेली रेघ सोडायची नाही. मॉसपॉलला हेस्टर एकटीच मोठ्याने हसली. इमारतीच्या खालच्या दाराशी तिने त्याच्या नावाचं बटण दाबलं. बटणाशेजारच्या बोलायच्या जाळीतून खरखर आली.

"कोण?"

"मीठवाली. खाली या. सगळं बसवलंय, तुम्ही सांगितलंत त्याच क्रमाने."

जाळीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आज नको, हेस्टर."

त्याने तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. "बरं नाही का?" तिने विचारलं.

"बरा आहे. त्या दिवशी घरी आलो आणि तीन दिवस खुर्चीतून उठवेना. मी बरंच विसरलो होतो. मला वाटायचं मला सगळं आठवतंय, रोज लिहीत होतो ना. पण काही आठवत नव्हतं. वास, वारा, कमरेला लागतो तो धक्का. विसरलो होतो तेच बरं होतं. आता पुन्हा विसरायला वेळ लागेल."

"मी तुम्हाला त्रास द्यायला नव्हते नेलं."

"माहितेय. तुझा दोष नाही, पोरी. पण पुन्हा नको."

रस्त्यावरून दोन बायका चर्चमधून येत होत्या, त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. हेस्टर जाळीच्या आणखी जवळ सरकली आणि बोलायला लागली. लँगमपासून कशी आली ते. पुलावर गाडी कशी उडाली नाही. ओल्या वळणाला मागची चाकं कशी घट्ट धरून होती. माथ्याच्या अलीकडे समोरून दुधाचा टँकर आला, आत घ्यावं लागलं, आणि तिने स्टिअरिंग वळवायच्या आतच गाडीला समजलं. तिने काही वगळलं नाही. वर तो ऐकत होता, कारण खरखर चालू होती.

"दुसऱ्या वळणावर बसते?" त्याने विचारलं.

"बसते. मी नुसते हात टेकवले होते."

"स्टिअरिंग कुठे ओढतं का?"

"किंचित. उजवीकडे."

"एकटीच बसलीयस, म्हणून असेल. परत जाऊन तेवढं नीट करून घे." मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "चांगलं काम केलंस." आणि खरखर थांबली.

हेस्टर दारापाशी उभी राहिली. पुन्हा बटण दाबावं म्हणून तिने बोट उचललं आणि खाली घेतलं. परतीच्या रस्त्यावर तिने टप लावला नाही. गाडी इतकी सुरेख कधीच चालली नव्हती, तिच्याकडे आल्यापासून कधीच नाही, आणि लँगमच्या पुढे रस्ता सरळ झाल्यावर तिला रडू आलं.

स्ट्रुअन मंडळावर परत आला नाही. हेस्टरने महिनाभर वाट पाहिली आणि मग कागद घेतला. जाड काळ्या पेनाने, एका ओळीत दोन-तीनच शब्द बसतील एवढ्या अक्षरांत, तिने त्याला पत्र लिहिलं. गाडीबद्दल चकार शब्द नाही. माथ्यावरच्या सशांबद्दल लिहिलं, ब्रफच्या गुडघ्यांबद्दल, गावातल्या बेकरीने पावाची चव बदलली त्याबद्दल. चार वाक्यांनाच दोन पानं भरली. पुढच्या महिन्यात आणखी एक लिहिलं, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी.

उत्तर आलं नाही. पण पत्रही कधी परत आलं नाही. सप्टेंबरच्या शेवटी डेपोत नव्या मिठाचा ढीग येऊन पडला, त्या आठवड्यात तिने पाचवं पत्र पेटीत टाकलं आणि कामावर गेली.